वाचक क्रमांक ४१७

सोमवार, ५ मे

आजपासून वाचनालयात मुलांची सुट्टीतली कार्यशाळा सुरू झाली. सकाळी वाचन, दुपारी लेखन, तीन आठवडे. अध्यक्षांना पन्नास मुलं हवी होती. आली चौदा. त्यातली निम्मी आयांनी घराबाहेर ढकललेली. एकानं पहिल्या पाच मिनिटांत विचारलं, "मॅडम, प्रमाणपत्र आजच मिळेल का?" त्याचं नाव मी मनातल्या मनात 'वकील' ठेवलं, कारण पुढचे दोन तास तो प्रत्येक वाक्यावर हरकत घेत होता.

लेखनाचा खेळ माझाच. जुन्या पुस्तकांच्या शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते. संगणक येण्याआधी पुस्तक कोणी नेलं त्याचा वाचक क्रमांक आणि परत करायची तारीख तिच्यावर लिहायचो. प्रत्येकानं ढिगातलं एक जुनं पुस्तक उचलायचं, चिठ्ठीवरचा एक क्रमांक निवडायचा आणि तीन आठवडे त्या माणसाची दैनंदिनी लिहायची. कागदावर स्वतःचं नाव नाही, फक्त क्रमांक. कागद पेटीत टाकायचा. मी खाली पेन्सिलीनं एक ओळ उत्तर लिहिणार, सकाळी ढीग टेबलावर ठेवणार आणि पाठ फिरवून बसणार. ज्याचा त्यानं आपला कागद उचलायचा.

आणि सगळ्यात मोठा नियम : लिहिलेलं खरं की खोटं, आणि कोणाचं, हे कुणीही कुणाला विचारायचं नाही. मीसुद्धा नाही. त्याशिवाय या वयाची मुलं मोकळी होत नाहीत. वकिलानं यावरही हरकत घेतली. त्याला गप्प केलं.

मंगळवार, ६ मे

पेटीतून चौदा कागद निघाले. तेरा वाचून हसले. एकानं आपल्या वाचकाला गुप्तहेर केलंय, एकीनं तिच्या वाचकाचं दोनदा लग्न लावलंय.

चौदाव्या कागदावर क्रमांक होता ४१७.

तो मी दोनदा वाचला. ४१७ म्हणजे आमची ताई. तिच्या कार्डावरचा हा आकडा मला पाठ आहे, कारण पुस्तकं बदलायला ती मला पाठवायची आणि मी रस्ताभर तो घोकत यायचे.

तिनं नेलेली पुस्तकं मी इथं नोकरीला लागले त्याच वर्षी बाजूला काढून कपाटात कुलूपबंद केली होती. त्यातलं एखादं ढिगात कसं आलं? मी तर ठेवलं नाही. की ठेवलं? ढीग मीच लावला होता, आणि लावताना माझं लक्ष कुठे होतं ते मला आठवत नाही.

कागदावर एवढंच होतं : "मी रोज खिडकीजवळच्या खुर्चीत बसते. तिथून फाटक दिसतं. कोण येतंय ते आधी कळतं."

ताई त्याच खुर्चीत बसायची. आणि कारणही हेच सांगायची. मी खाली काहीतरी लिहायचं म्हणून लिहिलं, "छान. पुढे लिही."

गुरुवार, ८ मे

ताईबद्दल एकदा लिहूनच टाकते, नाहीतर डोक्यात भुंगा सुरूच राहील.

ती सोळा वर्षांची होती, मी अकरा. बाबांचे एक आतेभाऊ आमच्याकडे राहायला आले होते. आठ दिवसांसाठी आले आणि सहा महिने राहिले. ताई दिवसभर वाचनालयात बसायची. एकदा मला म्हणाली, "पाहुणे घरात असले की मला एकटीला सोडून जाऊ नकोस. आणि हे कुणाला सांगू नकोस." मला वाटलं, तिला भुताबितांची भीती वाटते. जेवताना मी सगळ्यांसमोर मजा म्हणून सांगून टाकलं. आईनं हातातला डाव ठेवला, उठली आणि ताईच्या कानाखाली वाजवली. माझ्या नाही, ताईच्या. चौथ्या दिवशी ताई वाचनालयातून निघाली ती घरी आलीच नाही. पोलीस झाले, वर्तमानपत्रात फोटो झाला, नदीत शोध झाला. काही सापडलं नाही. पाहुणे पुढच्याच महिन्यात निघून गेले.

सदतीस वर्षं झाली. घरात तिचा विषय नाही. मी तोंड उघडलं म्हणून ती गेली, हे आईला ठाऊक आहे आणि मलाही. त्यावर आम्ही दोघी कधी बोललो नाही.

आजचा ४१७ : "घरात पाहुणा आहे. पाहुणा जातच नाही."

हे या मुलांपैकी कुणाला ठाऊक असणार? कुणालाच नाही.

शुक्रवार, ९ मे

आईला विचारलं, ताईची एखादी वही आहे का गं घरात? ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कशाला उकरतेस आता?" आणि उरलेली भाजी तशीच टाकून आत गेली.

वही मलाच माळ्यावर सापडली. इतिहासाची आहे. अक्षर ताडून पाहिलं. तसंच उजवीकडे कललेलं. 'क' थोडा वेगळा वाटतो. पण माणसाचा 'क' बदलू शकतो. हे मी काय लिहितेय ते मला कळतंय. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, ग्रंथशास्त्राची पदवी घेतलेली, आणि 'क'च्या मागे लागलेय.

एक वेगळीच कटकट आहे. एक मुलगी कार्यशाळा संपली तरी सहापर्यंत हलत नाही. आठवीनववीची असेल. नेमकी त्याच खिडकीशी बसते, म्हणून तिचं नाव मी 'खिडकी' ठेवलंय. तिला त्या खुर्चीत बघून मी रोज नजर वळवते. शिपाईकाका दिवे मालवत जातात तशी ती एकेक टेबल मागे सरकत शेवटी दाराशी येते. आज मी जरा ओरडलेच. "अगं, घरदार आहे की नाही तुला? वाट बघत असतील घरी." ती म्हणाली, "हो, बघत असतील." आणि गेली.

सोमवार, १२ मे

४१७ : "मला एक धाकटी बहीण आहे. ती आठ वर्षांची आहे. तिला काही सांगता येत नाही, कारण ती बोलून टाकेल."

वाचून मी पुस्तकांच्या मांडण्यांमागे जाऊन रडले. वकील नेमका तिथे आला आणि "मॅडम, सर्दी झाली का?" म्हणाला. हो म्हटलं.

मी आठ नाही, अकरा वर्षांची होते. पण ताईला मी कायम आठचीच वाटायचे, म्हणायचीच ती तसं. आज पहिल्यांदा उत्तर द्यायला मला एक ओळ पुरली नाही. लिहिलं, "मी बोलून टाकलं. मला कळत नव्हतं गं. मला माफ कर."

बुधवार, १४ मे

दोन दिवस ४१७ नं त्या ओळीवर काहीच लिहिलं नाही. पानभर फक्त पावलांचं वर्णन. जिन्यावरची पावलं कोणाची ते कसं ओळखायचं. चप्पल दाराबाहेर काढली तर कोण, आत आणून काढली तर कोण. ते मी तीनदा वाचलं. दुपारी वाचनालयात सगळे असताना मला जिन्यावर पावलं ऐकू आली. बाहेर जाऊन पाहिलं, कुणी नव्हतं. काका म्हणाले, "बाई, तुम्ही जरा सुट्टी घ्या."

मग मला म्हणाले, "ती खिडकीतली पोर घरी जाताना रडते. मी दोनदा पाहिलं." मी म्हटलं, या वयात मुली कशावरूनही रडतात. काका नुसते बघत राहिले माझ्याकडे. मला ते आवडलं नाही.

गुरुवार, १५ मे

आजचा कागद इथे उतरवून ठेवते.

"माफी कशाबद्दल? तू काहीच केलं नाहीस. मला एकच सांग. आईला सांगून टाकू का? सांगितलं तर काय होईल?"

सदतीस वर्षांनी ताई मलाच विचारतेय. खोटं कसं सांगू तिला? खरं तेच लिहिलं : "सांगून झालं होतं. काही उपयोग झाला नाही. उलट मार बसला."

लिहिल्यावर फार हलकं वाटलं. कुणाशी तरी हे एकदाचं बोलले. आज झोप लागेल.

शुक्रवार, १६ मे

सकाळी ढीग ठेवून पाठ फिरवली. वळून पाहिलं तेव्हा ४१७ चा कागद उचललेला होता.

दुपारी पेटीतून तेराच कागद निघाले. तिनं उत्तर दिलं नाही. मी पेटी उलटी करून, हात घालून पाहिली. आई म्हणाली, आज चेहरा का उतरलाय. काही नाही म्हटलं. काही नाही, हे आमच्या घरातलं सगळ्यात जुनं उत्तर आहे.

सोमवार, १९ मे

आजही तेराच. ताई रुसली का? मी नको ते लिहिलं का?

संध्याकाळी सहा वाजता वेळेवर कुलूप लागलं. खिडकी आली नव्हती. चला, एक कटकट गेली असं वाटलं. खुर्ची रिकामी होती. बरं वाटायला हवं होतं, तसं वाटलं नाही.

मंगळवार, २० मे

संध्याकाळ. तिघीजणी आमच्याकडेच आहेत. क्रमानं लिहिते.

सकाळी मी ढीग लावत होते. काका झाडू घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "शुक्रवारी ती पोर सकाळीच येऊन लगेच गेली. त्या दिवसापासून तुमचा एक कागद कमी आहे. सोमवारी पोर नाही, कागद कमी. आजही ती आलेली नाही. मी अडाणी माणूस, पण मला एवढं मोजता येतं."

मी खुर्चीतच बसले. दहा दिवस ती माझ्यासमोर बसली होती. तिनं मला विचारलं होतं, आईला सांगू का. आणि मी तिला लिहून दिलं होतं, उपयोग नाही. मी! मेलेल्या की जिवंत कुणास ठाऊक अशा बहिणीशी बोलायच्या नादात मी एका जिवंत मुलीच्या तोंडाला कुलूप लावलं. माझी मलाच शिसारी आली.

नोंदणीच्या अर्जावरून घरी फोन लावला. पुरुषाचा आवाज. अगदी मऊ. "ती झोपलीय मॅडम. बरं नाही तिला." सकाळचे अकरा वाजले होते. अर्जात वडील बाहेरगावी नोकरीला असं लिहिलं होतं. मी विचारलं, आपण कोण? तो हसून म्हणाला, "मी पाहुणा."

वकिलाला टेबलावर बसवलं, बाकीच्या बारा मुलांची जबाबदारी त्याच्यावर टाकली. त्यानं हरकत घेतली नाही. काकांना घेऊन निघाले.

तिसरा मजला. दार त्यानंच उघडलं. नीटनेटका माणूस, विंचरलेले केस. "या ना, पाणी घेणार?" मी सराईतासारखं खोटं बोलले. आज बक्षिसं आहेत, तिला पहिलं आहे, धाकटीलाही घेऊन या म्हणून खास आमंत्रण आहे. तो म्हणाला, आई कामावर गेलीय, तिला विचारल्याशिवाय कसं पाठवणार. तेव्हा काकांनी उंबरठ्याच्या आत पाय ठेवला आणि म्हणाले, "पाठवा की." एवढंच. साठीचा माणूस, किरकोळ अंगाचा, पण तो पाय काही त्यांनी मागे घेतला नाही.

खिडकी आतून आली. एका हातात धाकटीचा हात, पाठीवर दप्तर. दप्तर इतकं फुगलं होतं की चेन लागत नव्हती. कपडे दिसत होते. आज दुपारी ती बहिणीला घेऊन निघणार होती. कुठे, ते तिलाही माहीत नव्हतं. नंतर तिनंच सांगितलं.

खाली रस्त्यावर आल्यावर मी तिला थांबवलं. माझाच नियम मोडला. "तू लिहिलंस ते खरं आहे का?"

"विचारायचं नाही म्हणाला होतात ना?"

"विचारतेय आता."

ती बराच वेळ चपलेनं रस्ता उकरत राहिली. मग मान हलवली. म्हणाली, "पण तुम्ही लिहिलंत की उपयोग नाही."

"चुकले मी. साफ चुकले. ते तुला लिहिलं नव्हतं."

"मग कोणाला?"

मी तिला जवळ घेतलं, तर ती लाकडासारखी ताठ उभी राहिली. मी लगेच सोडलं.

वाचनालयात चौकशा झाल्या असत्या म्हणून घरी आणलं. आईला दारातच सगळं सांगितलं. तिनं एक अक्षर विचारलं नाही. धाकटीला आत नेऊन खायला दिलं. मी मुलीच्या आईला कामावर फोन केला. अर्ध्या तासात ती रिक्षानं आली, गळ्यात कामाचं ओळखपत्र तसंच.

मी बोलायला लागले. ती ऐकून घेईना. "अहो, यांचा सख्खा चुलतभाऊ आहे तो! देवमाणूस आहे. माझ्या मागे दोन्ही मुलींचं तोच बघतो. आणि ही..." ती खिडकीकडे वळली. "हे असलं घाणेरडं लिहायला शिकतेस तू तिथे?" आणि हात उचलला.

मला तो हात ओळखीचा वाटला. मी जागची हलू शकले नाही. अकरा वर्षांचीच झाले मी.

माझी आई उठली. पंच्याहत्तर वर्षांची आहे, गुडघ्यांनी कायमची आजारी, उठायला तिला एरवी माझा हात लागतो. तिनं त्या बाईचं मनगट धरलं.

"माझी थोरली हिच्याएवढीच होती," आई म्हणाली. "मीही असाच हात उचलला होता. आणि मारलं. ती खोटं बोलतेय असं वाटलं म्हणून नव्हे हो. खरं बोलतेय हे कळलं म्हणून मारलं. तुम्हालाही कळलंय. तुमच्या तोंडावर दिसतंय मला."

आईनं मनगट सोडलं तरी त्या बाईचा हात तसाच अर्धवट वर होता. हळूहळू खाली आला. ती मुलीच्या समोर जमिनीवरच बसली आणि म्हणाली, "कधीपासून?"

आमच्या घरात हे कुणीच कधी विचारलं नव्हतं.

मी स्वयंपाकघरात पळाले. चहाचं आधण ठेवलं, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना. मागून आई आली. ओट्याला धरून उभी राहिली. बाहेरून मुलीचा आवाज येत होता, तुटक, मध्येच थांबत. उद्या सकाळी बालसंरक्षणाच्या कार्यालयात जायचं, मग पोलिसांत, मी बरोबर जाणार, हे मी आईला भराभर सांगत होते. आणि सांगता सांगताच तोंडातून निघून गेलं, "आई, मी त्या दिवशी जेवताना बोलले नसते तर ताई..."

"तू बोललीस ती पाचवी वेळ होती," आई म्हणाली. "आधीच्या चार वेळा तिनंच मला सांगितलं होतं."

सदतीस वर्षं मी त्या जेवणाच्या पानावर बसून आहे, आणि हिला माहीत होतं. ती रडत नव्हती. पदराचं टोक ओट्यावरून फिरवत होती, ओटा कोरडा होता तरी. तिला मिठी मारावी की घराबाहेर काढावं, मला कळेना. अजूनही कळलेलं नाही. पाणी उकळून आटायला आलं होतं, गॅस कुणीच बंद केला नाही. बाहेर ती मुलगी बोलत होती आणि तिची आई ऐकत होती.